धीर देणाऱ्या बायकांनी संशोधनाबद्दल गप्प बसावं का?

स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या आणि अजून जात असलेल्या बायकांचे आधारगट आता बऱ्याच शहरांत आहेत. काही रुग्णालयाच्या आवारात भरतात, बरेचसे फोनवरच चालतात. या गटांत संशोधनाच्या बातम्यांचं काय करायचं, यावरचा वाद मात्र दोन्ही बाजूंनी चुकीचा चालला आहे. एक बाजू म्हणते, बायकांनी एकमेकींना धीर द्यावा, विग कुठे मिळतो ते सांगावं, केमोनंतर तोंड आलं तर काय खावं ते सांगावं. औषधोपचार डॉक्टरांवर सोडावेत. मग गटाच्या नियमांत ओळ येते: ‘वैद्यकीय चर्चा नको.’ दुसरी बाजू म्हणते, माहिती हा आमचा हक्क आहे, जे सापडेल ते सगळं गटात आलंच पाहिजे. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच धरून चालली आहे: धीर वेगळा आणि माहिती वेगळी. माझं म्हणणं याच्या उलट आहे. संशोधनाची बातमी वाचण्यासाठी आधारगटाइतकी चांगली जागा दुसरी नाही, फक्त त्या गटाला बातमी वाचायची रीत शिकावी लागेल. रात्री दोन वाजता एकटीनं वाचलेली बातमी जास्त धोक्याची. गटात बंदी घातली की बाई वाचायची थांबत नाही, ती एकटीनं वाचू लागते.

फेब्रुवारी २०२४ मधलं उदाहरण घेऊ. ‘कर्करोग परत येऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी’ अशी बातमी देशभर पसरली. गोळी रेस्वेराट्रॉल (द्राक्षांत सापडणारं एक द्रव्य) आणि तांबं यांची होती आणि संशोधन मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं, म्हणजे ज्या नावावर आपल्याकडचं घरचं माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतं तिथलं. संशोधकांचा मुद्दा असा: मरणाऱ्या कर्कपेशींतून गुणसूत्रांचे तुकडे बाहेर पडतात, ते निरोगी पेशींत शिरून त्रास देतात आणि ही जोडगोळी ते तुकडे नष्ट करते. पण रोग परत येणं कमी होतं हा दावा उंदरांमधल्या प्रयोगांवर उभा होता. माणसांमध्ये पाहिलं गेलं होतं ते प्रामुख्यानं उपचारांच्या दुष्परिणामांबद्दल. मान्यता मागितली होती ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, औषध नियंत्रकांकडे नव्हे. हा एकच तपशील बातमीचं वजन बदलतो, आणि तो बातमीतच होता. गटात कुणी ‘गोळी कुठे मिळते?’ असं विचारलं आणि नियमावर बोट ठेवून तो प्रश्न पुसून टाकला, तर तो तिच्या मनातून पुसला जातो का? ती दुकानात जाऊन तांब्याच्या गोळ्या मागेल. त्याऐवजी कुणी इतकंच म्हटलं असतं की ‘ताई, हे उंदरांवरचं आहे, आणि मान्यता अन्नखात्याकडे मागितलीय’, तर दहा मिनिटांत विषय जागेवर आला असता. हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बातमी शेवटपर्यंत वाचलेली एक बाई लागते.

‘फक्त धीर’ या विचाराला मोठा इतिहास आहे आणि तो आदरानंच सांगायला हवा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर या बाईंचा स्तन काढला गेला. पुढे कसं जगायचं हे सांगायला रुग्णालयात कुणीच नव्हतं. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. सोबत तात्पुरता कृत्रिम स्तन, हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी. डॉक्टरांचा आधी विरोध होता, मग हळूहळू मान्यता मिळाली; १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं हा उपक्रम आपल्याकडे घेतला. मान्यतेची किंमत ठरलेली होती: डॉक्टरांच्या परवानगीनंच जायचं आणि उपचारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आजची ‘वैद्यकीय चर्चा नको’ ही ओळ तिथूनच चालत आलेली आहे.

त्या अवाक्षर न काढण्यात काय काय झाकलं गेलं? तेव्हा अमेरिकेत हॅल्स्टेड यांची शस्त्रक्रिया सर्रास होत असे: स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढायच्या. बाई भूल घेऊन आत जायची ती गाठीचा तुकडा तपासायला. टेबलावरच तपासणी व्हायची, कर्करोग निघाला तर तिथेच स्तन काढला जायचा. आपल्याला कर्करोग आहे आणि आपला स्तन गेला, या दोन्ही गोष्टी तिला शुद्धीवर आल्यावर एकदमच कळायच्या. शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये मोठ्या चाचण्या सुरू केल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. कमी कापूनही बायका तितक्याच जगतात हे त्यांतून दिसत गेलं. त्याच सुमाराला, १९७४ मध्ये, रोझ कुशनर या पत्रकार बाईंना कर्करोग झाला. त्यांनी एकाच भुलीत सगळं उरकायला नकार दिला, वैद्यकीय नियतकालिकं वाचून काढली आणि त्यावर लिहीत, बोलत राहिल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीनं तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी कराव्यात असं सांगितलं, तेव्हा त्या समितीत डॉक्टर नसलेल्या कुशनर होत्या. लॅसरबाईंनी दिलेला धीर खरा होता, पण त्या खाटेपाशी ‘हे एवढं कापायला हवं होतं का?’ हा प्रश्न विचारायला मनाई होती. तो विचारायला वाचणारी बाई यावी लागली.

आता उलट बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तो खरोखर भक्कम आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत, शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी अतितीव्र केमो देऊन नंतर अस्थिमज्जा परत भरण्याचा उपचार गाजला. सुरुवातीचे आकडे आशादायक होते. विमा कंपन्या पैसे देईनात, रुग्ण कोर्टात गेले. १९९३ मध्ये एका प्रकरणात ज्यूरीनं ८.९ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. कंपन्या नमल्या. हजारो बायकांनी हा उपचार घेतला, काही त्या उपचारानंच गेल्या. उपचार चाचणीबाहेर सहज मिळू लागल्यामुळे चाचणीत कुणी जाईना, म्हणून खरं उत्तर यायला आणखी वर्षं लागली. १९९९ मध्ये पाच चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले. चारांत फायदा दिसला नाही. फायदा दाखवणारी पाचवी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा यांची होती, आणि पुढच्याच वर्षी तिच्यात लबाडी असल्याचं तपासणीत निघालं. रुग्णांनी संशोधनाच्या बातमीवर विसंबून दबाव आणला की काय होतं, याचं याहून कडू उदाहरण मिळणार नाही. ते मान्य न करता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण चूक नेमकी कुठे झाली? सुरुवातीच्या आकड्यांत तुलनेला समोर गटच नव्हता. निवडलेल्या बायका तरुण होत्या, त्यांचं हृदय-मूत्रपिंड धड होतं, आधीच्या केमोला त्यांच्या गाठी दबलेल्या होत्या. अशा बायका साध्या उपचारावरही जास्त जगल्या असत्या. ‘कोणाशी तुलना केली?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर इमारत हलली असती. तो रुग्णांनी विचारला नाही, तसा वकिलांनी, पत्रकारांनी आणि कित्येक डॉक्टरांनीही विचारला नाही. आणि त्याच काळात अमेरिकेतल्या रुग्णसंघटनांच्या राष्ट्रीय आघाडीनं १९९५ मध्ये बायकांना चाचणी कशी वाचायची याचं पद्धतशीर शिक्षण द्यायला सुरुवात केली. वाचण्याचं शिक्षण वाढवणं, हा त्या काळातून घेतलेला धडा होता.

‘फक्त धीर’ देणारा गट निरुपद्रवी असतो, हेही तपासून पाहावं. अमेरिकेत ३१२ बायकांवर झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये आला. काही बायकांना आठ आठवडे आजाराची आणि उपचारांची माहिती देणाऱ्या गटांत ठेवलं, काहींना मन मोकळं करण्याच्या गटांत. माहितीच्या गटांतल्या बायका सावरल्या, सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता. नुसत्या बोलण्याच्या गटांत फायदा दिसला नाही. पुढच्या विश्लेषणात कळलं की घरी नवऱ्याचा आधार नसलेल्या बायकांना अशा गटाचा उपयोग होतो, आणि चांगला आधार असलेल्यांना उलट त्रास होतो. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपली घरं वेगळी. एकत्र कुटुंबात सासू, जाऊ, नणंद असतात आणि तरीही बाई एकटी असू शकते. पण बोलणं आपोआप औषध होतं हे गृहीत धरता येत नाही. गटात गेल्यानं आयुष्य वाढतं असंही अजून सांगितलं जातं. त्याचं मूळ मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ च्या अभ्यासात आहे: ८६ बायका, गटातल्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाहेरच्या १८.९ महिने. २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तेच पुन्हा करून पाहिलं, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा अभ्यास केला, त्यातही एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. दुखणं कमी होणं ही काय थोडी गोष्ट आहे? मग ‘जी गटात येते ती जगते’ हे कशाला सांगायचं? जी गेली तिनं काय कमी धीर धरला होता?

शिवाय बंदीनं वैद्यकीय चर्चा थांबत नाही, जुन्या समजुतीच्या रूपात ती चालूच राहते. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला पहिला सल्ला मिळतो, ‘त्या हातानं जड काही उचलायचं नाही हं, हात सुजेल.’ कळशी नको, पिशवी नको, लेकराला कडेवर नको. सल्ला मायेचा आहे आणि एकेकाळी डॉक्टरही तेच सांगत. २००९ मध्ये हाताला सूज असलेल्या १४१ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली वजनं उचलायला लावली, अगदी थोड्या वजनापासून, हळूहळू वाढवत, हाताला दाब देणारी बाही घालून. त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. सूज एकदम बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात ताकद आली. वर्षभर हात न वापरता एके दिवशी गॅसची टाकी सरकवणं, यात धोका जास्त. हा बदल तिला कुठून कळणार? भरलेल्या ओपीडीत तो क्वचितच निघतो. गटात रोज हाताविषयी बोललं जातं, मग तिथेच हे का येऊ नये?

‘बातम्या असतात परदेशी औषधांच्या, लाखांच्या. आपल्या बाईला त्यांचा उपयोग काय?’ या आक्षेपात राग आहे आणि तो रास्त आहे. २०२० च्या आकड्यांनुसार भारतात वर्षाला १ लाख ७८ हजारांच्या आसपास बायकांना हा रोग झाला, २०२२ मध्ये १ लाख ९२ हजार, आणि त्याच वर्षी ९८ हजारांहून जास्त गेल्या. त्यांतल्या कितींना नवी औषधं मिळतात? पण संशोधनाची बातमी म्हणजे महाग औषध, हा समज जाहिरातींनी घातलेला आहे. आपल्याकडच्या बाईसाठी सगळ्यात मोलाच्या बातम्या ‘कमीत भागतं’ या आहेत. पूर्वी स्तनाला पाच आठवडे रेडिएशनचे पंचवीस शेक देत. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी १५ शेकांत, एकूण ४० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) देऊन, तेच साधतं हे दाखवलं; २०२० मध्ये ४,०९६ रुग्णांच्या चाचणीत २६ ग्रे पाच शेकांत देऊनही रोग आटोक्यात राहिला. मराठवाड्यातून मुंबईला येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे आणि तीन आठवडे यांत मजुरी, सोबत आलेल्या माणसाची रजा आणि घरच्या लेकरांची आबाळ एवढा फरक आहे. काखेला किंवा गळ्याकडे शेक द्यायचा असेल, स्तन पुन्हा बांधलेला असेल, तर हिशेब बदलतो. म्हणून ‘पाचच द्या’ असं म्हणायचं नसतं. ‘मला १५ चालतील का, नसतील तर का नाही?’ हे मात्र नक्की विचारायचं.

ट्रॅस्टुझुमॅब (हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या स्तनकर्करोगावरचं औषध) वर्षभर घेण्याची पद्धत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या ४,०८९ रुग्णांच्या चाचणीत सहा महिनेही जवळपास तितकेच ठरले आणि हृदयावरचा ताण कमी झाला. मार्गदर्शक सूचना अजून वर्षभराकडेच झुकतात, आणि कुणी स्वतःहून सुई बंद करू नये. पण पैसे संपले किंवा हृदयाची तपासणी बिघडली म्हणून सहा महिन्यांवर थांबावं लागलेल्या बाईला ‘माझा उपचार अर्धाच राहिला’ ही टोचणी जन्मभर राहू नये, यासाठी ही बातमी तिच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. टाटा मेमोरियलनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली ३५० बायकांची चाचणी अशीच. रोग शरीरात पसरलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढून आणि शेक देऊन आयुष्य वाढत नाही, असं तिच्यात दिसलं. ‘गाठ काढून तरी टाका’ म्हणून शेत विकायला निघालेल्या घराला हे कुणीतरी सांगायला हवं. जखम वाहत असेल, रक्त जात असेल तर शस्त्रक्रियेचं कारण वेगळं, हेही सोबत सांगायला हवं. आणि स्वस्तातली एक: गाठीच्या भोवती शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटं अर्धा टक्का लिग्नोकेन टोचायचं, तेच जे दात काढताना देतात. अकरा भारतीय केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर पाहिलं, पाच वर्षांनी जगणाऱ्यांचं प्रमाण ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. एकच चाचणी आहे, तीही सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोगाची. पण ही बातमी उपयोगी पडते ती शस्त्रक्रिया व्हायच्या आधीच. म्हणजे गटात कालच आलेल्या, अजून काहीच न कळणाऱ्या बाईला. तिच्यासमोर ‘वैद्यकीय चर्चा नको’ म्हणायचं?

वाचायची रीत अवघड नाही, सराव मात्र लागतो. आधी आपला रिपोर्ट. स्तनाचा कर्करोग हा एक रोग नाही. ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-टू या तीन ओळींवरून बातमी आपली की परकी हे ठरतं. हर-टूसमोर नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर आकडा विचारावा: शून्य, एक प्लस की दोन प्लस. दोन प्लस असेल तर फिश (हर-टूचं जनुक मोजणारी) तपासणी झाली का ते पाहावं. २०२२ पर्यंत शून्य आणि एक प्लस यांत व्यवहारात फरक नव्हता. त्या वर्षी पसरलेल्या रोगावरच्या ५५७ रुग्णांच्या चाचणीनं दाखवलं की एक प्लस किंवा फिश निगेटिव्ह दोन प्लस असलेल्यांना ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे वेगळं औषध लागू पडू शकतं. जुना कागद कपाटातून काढायची वेळ येते ती अशी. मग टक्केवारी. ‘धोका २५ टक्क्यांनी कमी’ असं अबेमासिक्लिब या गोळीबद्दल २०२० मध्ये आलं, तेव्हा प्रत्यक्षात दोन वर्षांनी रोगाशिवाय असलेल्या बायका होत्या १०० पैकी सुमारे ९२, आणि नुसत्या हार्मोनच्या गोळीवर सुमारे ८९. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण घर गहाण टाकायचं की नाही हे दुसऱ्या वाक्यावर ठरवायचं. त्यातही ही चाचणी हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत रोग गेलेल्या, जास्त धोक्याच्या बायकांची होती. गाठ लहान आणि काख स्वच्छ असणाऱ्या बाईनं ती वाचून झोप घालवायची नाही. भारतात चालू असलेल्या चाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि ती नोंदवही सगळ्यांना खुली आहे. कुणी ‘नव्या चाचणीत घेतो, पैसे भरा’ म्हटलं तर नोंदणी क्रमांक मागावा.

राहिला भीतीचा मुद्दा, आणि इथे विरोधकांचं बरंचसं बरोबर आहे. सगळ्याच जणींना सगळं जाणून घ्यायचं नसतं. केमोच्या तिसऱ्या फेरीत उलट्यांनी बेजार झालेल्या बाईसमोर जगण्याचे आकडे येऊन आदळू नयेत. रोग पसरलेली आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेली अशा दोघी एकाच बातमीत वेगवेगळं वाचतात. एकीचा दिलासा तो दुसरीचा घाव असतो. याचा उपाय बातम्यांची खोली वेगळी करणं हा आहे: जिला हवं तिनं यावं, नको तिनं पलीकडे बसावं, कधीही ये-जा करावी. पसरलेल्या रोगाच्या बायकांची वेगळी बैठक असावी, म्हणजे त्यांना दुसरीला घाबरवू नये म्हणून स्वतःचं दुखणं गिळावं लागणार नाही. डिसेंबरात सॅन अँटोनिओच्या आणि मे-जूनमध्ये शिकागोच्या परिषदेतून बातम्यांचा लोंढा येतो. त्या आठवड्यात काहीच पुढे पाठवू नये. दोघींनी मिळून मूळ सारांश वाचावा, पंधरा दिवसांनी मराठीत चार ओळी लिहाव्यात: कुठल्या बायकांवर, कशाच्या तुलनेत, शंभरात कितींना फरक, आपल्याकडे मिळतं का. डोस लिहायचा नाही. कुणाच्या डॉक्टरांच्या निर्णयावर निकाल द्यायचा नाही. रिपोर्टचा फोटो टाकण्याआधी नाव आणि नोंदणी क्रमांक कागदानं झाकायचा.

आणि ओपीडीला जाताना एक चिठ्ठी, दोनच प्रश्नांची, कारण तिसऱ्यापर्यंत वेळ पोचत नाही. ‘अमुक औषध द्या’ असं त्यावर लिहू नये. ‘माझा हर-टू किती प्लस?’ आणि ‘मला १५ शेक चालतील का?’ असं लिहावं. शक्य असेल तर गटातली एक जण सोबत जावी, तिनं बोलू नये, फक्त उत्तर लिहून घ्यावं. खुर्चीत बसलेल्या बाईच्या कानात त्या वेळी निम्मंसुद्धा शिरत नाही.